अनुभव हवेत: स्पेस ऑपेरातल्या खमक्या नायिका आणि ‘आणखी एकच भाग’

स्पेस ऑपेरा म्हणजे अंतराळातल्या भव्य साहसकथा. गेल्या महिन्यात त्यातली, अंतराळ नौदलातली कॅप्टन ऑनर हॅरिंग्टन हिची पुस्तकं पुन्हा काढली आणि पुन्हा तेच झालं. रात्री दहाला एक प्रकरण वाचायला बसले, खाली पाण्याची मोटर सुरू झाली तेव्हा कळलं की पहाटेचे साडेपाच वाजलेत. पुस्तकं असोत वा टीव्हीवरच्या मालिका, या बायका एकदा भेटल्या की सुटत का नाहीत, हे तुमच्याकडून ऐकायचंय. कोणत्या प्रसंगात अडकलात तेवढं नेमकं लिहा. रसभंग होणार असेल तर आधी सांगा.

सुरुवात मीच करते. मी न्हावा-शेवा बंदरातल्या मालाची कागदपत्रं बघते. डेव्हिड वेबरच्या १९९३ सालच्या पहिल्या पुस्तकात ऑनरला एका आडबाजूच्या ठाण्यावर ढकलतात. जहाज जुनं, त्यातली चांगली शस्त्रं काढून एक नवं, न पारखलेलं अस्त्र बसवलेलं. खलाशी रुसलेले, वरिष्ठ डूख धरून बसलेला. आणि ही बाई काय करते? जकातीची तपासणी सुरू करते! आजवर सगळ्यांनी कानाडोळा केलेला माल उघडून बघायला लावते. कागदावर जे लिहिलंय तेच आत आहे का, एवढंच. कारस्थानाचा धागा तिथूनच हाती लागतो. पुढची लढाई जबरदस्त आहे, पण मी अडकले ती त्या तपासणीपाशी. सीलचा नंबर जुळत नाही तेव्हा पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे. क्षेपणास्त्रांच्या वेगाची पानंच्या पानं मात्र मी सरळ उलटते.

*

माझी कॅप्टन जेनवे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिनेसोटात आले तो जानेवारी होता, आणि माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’चे १७२ भाग मी एका हिवाळ्यात संपवले. पहिल्याच भागात जहाज ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं. परतायला ७५ वर्षं लागणार. घरी नेऊ शकेल असं यंत्र समोर असतं, पण ते भलत्यांच्या हाती पडलं तर एका दुबळ्या जमातीचा घात होईल, म्हणून जेनवे ते उडवून टाकते. मग सात सीझन ती रोज सकाळी त्या निर्णयासकट उठते, काळी कॉफी घेते आणि कामाला लागते. मी माझ्या मर्जीने आले होते, मला कुणी फेकलं नव्हतं. तरी खिडकीबाहेर बर्फ बघत कॉफी करताना मी तिच्यासारखी ताठ उभी राहायचे.

२०१५ मध्ये इटलीची अंतराळवीर सामान्था क्रिस्तोफोरेत्ती हिने अवकाशस्थानकात स्टार ट्रेकचा गणवेश घालून जेनवेचं कॉफीचं वाक्य ट्वीट केलं, कारण पहिलं एस्प्रेसो यंत्र घेऊन यान येत होतं. तो फोटो अजून माझ्या फ्रिजवर आहे.

*

माझी मालिका ‘द एक्सपान्स’. आईला अंतराळ वगैरे अजिबात आवडत नाही. ती खोलीतून जाता जाता थांबली ती त्यातल्या पृथ्वीच्या मुरब्बी राजकारणी बाईची, अवासरलाची साडी बघून. “पदर कुठे पिन केलाय गं हिने?” मग बसली. ही भूमिका करणारी शोहरे अघदाश्लू मूळची तेहरानची, हे सांगितलं तरी आईचा विश्वास बसेना. शिव्या ऐकून उठून जाईल असं वाटलं होतं. उठली नाही. मुलगा गमावलेली आजी सगळ्या पृथ्वीचा भार वाहतेय, यावरच तिचा जीव जडला.

*

(पाचव्या सीझनचा रसभंग आहे.) मीही ‘एक्सपान्स’वालाच, पण त्यातल्या जहाजावरच्या इंजिनिअरचा, नेओमी नागाटाचा. जानेवारी २०२१, कोविड झालेला, नाशिकच्या घरात वरच्या खोलीत एकटा. दर आठवड्याला एकच भाग यायचा. नेओमी अंतराळपोशाखाशिवाय एका जहाजातून दुसऱ्यात उडी घेते आणि रिकाम्या जहाजात अडकते. तिच्याच आवाजातली मदतीची हाक तिथून सतत प्रसारित होतेय, आणि वाचवायला येईल त्याच्यासाठी तो सापळा आहे. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून पुढचं बघताना उठून बसलो. जखमी, तहानलेली, ती त्या संदेशातले शब्द मध्येच तोडते. संकटात आहे म्हणणाऱ्या वाक्याचे तुकडे गळतात आणि उरतं ते: सगळं माझ्या ताब्यात आहे. एकदा जमतं, पाच वेळा हुकतं. पुढचा बुधवार येईपर्यंत मी ऑक्सिमीटर लावून तोच तुकडा परत परत ऐकत होतो.

*

मी कोल्हापूरची. ॲन लेकीचं ‘ॲन्सिलरी जस्टिस’ (२०१३) वाचलं आणि दोन पानं मराठीत करून बघायचा ध्यास घेतला. त्यातल्या लोकांच्या भाषेत स्त्री-पुरुष भेदच नाही, म्हणून निवेदक, तिचं नाव ब्रेक, सगळ्यांनाच ‘ती’ म्हणते. ते मराठीत जमतं. अडतं ते ‘मी’पाशी. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नसतं, आपल्याकडे ‘उठले’ की ‘उठलो’ हे ठरवावंच लागतं. ‘मी दार उघडलं’, ‘मी पाहिलं’ अशी वाक्यं शोधत रात्रीचे दोन व्हायचे. मग आजी आठवली. आमच्याकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. तो ‘येतो’ मी ब्रेकच्या तोंडी घातला आणि एकदम बसला. आणि ब्रेक पूर्वी एक अख्खं जहाज असते, हजारो देह आणि एक मन, तिथे तर आपल्याकडे तयारच आहे: ‘आम्ही गेलो’. दोनाची आता अकरा पानं झालीत.