द्राक्षबागांमधले निवांत सायकलरस्ते : तुमचे अनुभव लिहा

दर हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या सायकलवाल्या मित्रांचा फोन येतो, "बागांमधून जाणारा एखादा निवांत रस्ता सांग ना." मी आधी विचारतो, कुठल्या महिन्यात येताय? आपल्याकडे एकाच वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड छाटणी आणि फळासाठी ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी. मे महिन्यात आलात तर काड्या, तारा आणि ऊन. ऑगस्टात सगळं हिरवंगार, पण घड एकही नाही. फोटोतली बाग हवी असेल तर डिसेंबर ते मार्च. रस्त्यावरची वर्दळही बागेच्या कामांप्रमाणे बदलते, आणि हे कुठलं ॲप सांगत नाही. म्हणून हा धागा. रस्ता कुठला, कधी गेलात, काय फसलं, सगळं लिहा.

माझ्यापासून सुरुवात. नाशिकहून गंगापूर रोडने गंगापूर गाव, दुगाव, गिरणारे आणि दम असेल तर पुढे काश्यपी धरण. चढ आहेत, पण जीव काढणारे नाहीत. वाटेत वाइनची बाग आणि खायच्या द्राक्षांची बाग यांतला फरक सायकलवरून फार छान कळतो. वाइनच्या वेली कुंपणासारख्या उभ्या ओळींत असतात, आरपार पलीकडचा डोंगर दिसतो. खायच्या द्राक्षांचा मांडव असतो. त्याखाली काम करणाऱ्या माणसांचे फक्त पाय दिसतात आणि बोलणं ऐकू येतं. शनिवार-रविवारी नऊच्या आत परत फिरा. त्यानंतर वाइनरीकडे जाणाऱ्या गाड्या सुरू होतात आणि निवांतपणा संपतो.

*

ओझरहून

आमचा नेहमीचा रस्ता ओझर-जानोरी-मोहाडी, वेळ असेल तर पालखेड धरणापर्यंत. सपाट, सावली कमी, गाड्या त्याहून कमी. दिंडोरीचा मुख्य रस्ता मात्र टाळाच.

फसलेली गोष्ट सांगतो. मोहाडीच्या अलीकडे फोटोसाठी सायकल बांधावर टेकवली. दोन मिनिटांत दोन्ही चाकं बसली. सराटे! नव्या लोकांनी हा शब्द पाठ करावा. जमिनीलगत पसरणारं वेल्हाळ झाड, पिवळी नाजूक फुलं आणि खाली गदेसारखे काटे. माझ्याकडे ट्यूब एकच. शेजारच्या बागेतले एक काका आले, ट्यूब पाण्याच्या टाकीत धरली आणि बुडबुडे मोजायला लागले. "सात," म्हणाले. मी पाच पॅच आणले होते. उरलेल्या दोन भोकांना त्यांनी मोटरसायकलची जुनी ट्यूब कापून तुकडे चिकटवले. ते दोन अजून टिकलेत, माझे विकतचे तीन सुटले.

*

निफाड, शिक्षिका

निफाड-उगाव-वनसगाव-सारोळे हा पट्टा म्हणजे दोन्ही बाजूंना मांडव आणि मधून एक गाडी जाईल एवढा रस्ता. मी एकटीच जाते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत साडेसहाला निघाले होते. इथला पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर येतो, तशीच सकाळ. हातमोजे होते तरी ब्रेकवरची बोटं वळेनात. उगावच्या पुढे बघते तर बागांमधून धूर. एक नाही, चार-पाच ठिकाणी. मला वाटलं आग लागली, सायकल टाकून ओरडत आत पळाले.

शेकोट्या होत्या! कडाक्याच्या थंडीत पाणी उतरलेले, म्हणजे रस भरू लागलेले मणी तडकतात, म्हणून बागेत ऊब राहावी यासाठी पहाटेपासून जागोजागी पेटवतात. मला बघून एक आजी म्हणाल्या, "आली का गं विझवायला?" मग शेजारी बसवून चहा दिला. निघताना घड दिला आणि बजावलं, "धुतल्याबिगर तोंडात घालू नको."

एकट्या जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट : स्वच्छतागृहाची सोय या वाटेवर नाही. जिल्हा परिषदेची शाळा किंवा गावातलं मंदिर गाठायचं, तिथल्या बायकांना विचारायचं. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

*

वरच्याच पट्ट्यातला एक बागायतदार

सायकल येत नाही, पण धागा वाचला म्हणून लिहितो. तुम्ही लोक येता, बरं वाटतं. तीन गोष्टी मात्र ऐकून घ्या.

गोडी छाटणीनंतरचे दोन महिने आमच्या जिवाला घोर असतो. पाऊस पडला, ढग राहिले की डाऊनी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग. मग ट्रॅक्टरला ब्लोअर लावून सकाळी लवकर फवारणी, म्हणजे नेमकी तुमची वेळ. ब्लोअरचा आवाज आला की लांबच थांबा आणि हात करा. ड्रायव्हर ओळ संपली की बंद करतो, तेवढ्यात निघून जा. ते धुकं नव्हे.

दुसरं, पेपरात गुंडाळलेले घड उघडून बघू नका. ते निर्यातीचे आहेत. मण्यावर पांढुरकी लव असते, बोट लागलं की तिथे डाग पडतो आणि तो घड बाजूला काढावा लागतो. मागच्या हंगामात एकाने सेल्फीसाठी नऊ पेपर सोडले. "दादा, फक्त बघत होतो," म्हणे. खायला मागितले असते तर क्रेट पुढे केला असता.

तिसरं, सकाळी सात-आठला पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या घेऊन पिकअप गाड्या येतात. अरुंद रस्त्यावर त्यांना जागा द्या. त्यांची सकाळ तुमच्यापेक्षा फार आधी सुरू झालेली असते.

*

तासगाव, सध्या पुण्यात

नाशिककरांचंच कौतुक किती दिवस वाचायचं! आमच्याकडं या. तासगाव-मणेराजुरी-कवठेमहांकाळ. जमलं तर पुढं नागज, जुनोनीपर्यंत, पण महामार्ग सोडून गावांतल्या रस्त्यांनी. फेब्रुवारी-मार्चात उजाड माळावर लांबच लांब शेड दिसतात, आत जाळ्यांचे थरावर थर. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात आणि पंधराएक दिवसांत बेदाणा होतो. ऊन कडक, हवा कोरडी, वारा सुटलेला. बेदाण्याला जे मानवतं तेच सायकलवाल्याचा घाम काढतं. त्या दिवसांत दहाच्या आत घरी.

पण वास! आंबूस-गोड, गरम. शेडच्या एक किलोमीटर आधी येतो. एकदा मामाच्या शेडवर जाळीवरून उचललेला अर्धवट सुकलेला मणी खाल्ला होता. बाहेरून बेदाणा, आत अजून द्राक्षाचा रस. दुकानात तो कधीच मिळणार नाही. गंधकाची धुरी दिलेल्या शेडमध्ये मात्र शिरू नका, घसा धरतो.

तासगावात परतल्यावर गणपतीचं गोपुर बघा, सात मजली. आपल्याकडे असं गोपुर विरळाच.

*

जुन्नर तालुका

थोडक्यात. नारायणगाव-मांजरवाडी-खोडद. जंबो या काळ्या द्राक्षांच्या बागा, ऊस आणि मधेच शेतात उभ्या प्रचंड तबकड्या. ही जीएमआरटी, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण. एकूण 30 तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. वेलींवरून मान वर केली की तबकडी आकाशाकडे तोंड करून बसलेली. पहिल्यांदा बघताना सायकल नाल्यात घातली होती.

बिबट्याचा विषय थट्टेचा नाही. उसाच्या कडेने अंधारात जाऊ नका, सूर्य वर आल्यावर निघा, दोघं-तिघं असा.

*

मानहाइम, जर्मनी

इथे जवळच डॉइचे वाइनस्ट्रासे, म्हणजे 'जर्मन वाइन रस्ता' आहे. 1935 साली आखलेला, 85 किलोमीटरचा रस्ता, बोकेनहाइमपासून फ्रान्सच्या सीमेवरच्या श्वाइगेनपर्यंत. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तो गाड्यांना बंद करतात आणि अख्खा रस्ता सायकली-स्केटिंगवाल्यांचा. पण मला खरे आवडतात ते वेलींमधले शेतरस्ते. डांबरी, ट्रॅक्टरपुरते रुंद, बाकी गाड्यांना मनाई. मार्चमध्ये गिमेल्डिंगेनला बदामाची झाडं गुलाबी फुलतात, वेली तेव्हा उघड्याबोडक्या. म्हणजे धागाकर्त्याचा "कुठल्या महिन्यात?" हा प्रश्न इथेही लागू.

फसलेली गोष्ट : सप्टेंबरमध्ये इथे फेडरवायसर मिळते, अर्धवट आंबलेली, अजून फसफसणारी ताजी वाइन. बाटलीत वायू तयार होत राहतो म्हणून झाकण घट्ट लावतच नाहीत. मला हे कोण सांगणार! आपल्या सवयीने पाठीवरच्या पिशवीत आडवी कोंबली आणि नॉयश्टाटहून निघालो. पाच किलोमीटरवर पाठ ओली. घाम समजून पुढे गेलो. मग मधमाश्या आल्या. ट्रेनमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही, आणि पिशवीतली आईने पाठवलेली भाजणी गेली ती गेलीच.

*

ठाण्याहून

प्रश्न आहे. हायब्रिड चालेल का, की रोड बाइकच हवी? आणि नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातले पक्षी या फेरीत बसतील का?

निफाडची शिक्षिका

हायब्रिडच आणा, गावांतले रस्ते ट्रॅक्टरने उखडलेले असतात. पक्षी बसतील, पण दोन्ही एका सकाळी करू नका. पाणथळीवर दुर्बीण लावून बसलात की उन्हं वर येतात आणि बागा राहून जातात. माझं तीनदा झालंय.

*

धागाकर्ता

बागायतदार दादांचं वाचून गेल्या रविवारी उगावकडे गेलो. ठरवलं होतं, फोन खिशातच ठेवायचा. एका बागेच्या कडेला नवरा-बायको मांडवावर जुन्या साड्या बांधत होते, उन्हाने मणी खराब होऊ नयेत म्हणून. निळी, मोरपंखी, जरीकाठाची एक, कुणाच्या तरी लग्नातली असावी. थांबून बघत होतो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊ, उभेच आहात तर एक टोक धरा."

अकरा ओळी झाल्या. ॲपवर त्या दिवसाची सरासरी ताशी सहा किलोमीटर दिसतेय.