एमबीए सीईटी: अ‍ॅनॉलॉजीत दोन-दोन पर्याय बरोबर वाटतात, मदत हवी आहे

मंडळी, माझं बी.कॉम. झालंय, शाळा मराठी माध्यमाची. यंदा आपल्या राज्याची एमबीए सीईटी देतोय. गणित जमतं, पण शब्दांच्या जोड्या आल्या की घोळ होतो. अर्थ माहीत असूनही चुकतं, ते जास्त लागतं. कालच्या सराव पेपरातले दोन प्रश्न:

ड्रिझल : डाउनपोर :: ? मी ‘क्लाउड : रेन’ मारलं. उत्तर ‘ब्रीझ : गेल’.

ग्लटन : मॉडरेशन :: मायझर : ? मी ‘ग्रीड’. उत्तर ‘जेनेरॉसिटी’.

क्लासमध्ये नात्यांच्या प्रकारांची लांबलचक यादी पाठ करायला दिलीय. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे एकाला ४५ सेकंद. त्यात यादी कधी आठवू? पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून जीआरईचं (परदेशी विद्यापीठांसाठीच्या प्रवेश परीक्षेचं) एक जुनं पुस्तकही आणलंय, त्यात या जोड्या ढिगाने आहेत. ते करू का?

प्रतिसाद १

यादी ठेवा बाजूला. पर्याय न बघता आधी दोन शब्दांचं एक वाक्य करा, आणि ते मराठीतच करा. ‘भुरभुर वाढली की मुसळधार.’ आता ढग वाढला की पाऊस म्हणाल का? नाही. झुळूक वाढली की सोसाट्याचा वारा, हे बसतं. तुम्ही पावसाला पाऊस जोडलात; विषय सारखा दिसला की तिथे हमखास सापळा असतो.

दुसरंही तसंच. खादाडाला संयम नसतो, कंजुषाला... दानत नसते! हे तर आपण रोज बोलतो.

पुस्तकाचं म्हणाल तर जीआरईतून हा प्रकार २०११मध्येच गेला. पुस्तकातले शब्द सीईटीच्या मानाने फार जड आहेत, ते पाठ करत बसू नका. जोड्या मात्र सोडवा, हात बसेल.

धागाकर्ता

दानत! हे डोक्यातच आलं नाही. पण वाक्य करूनही अडतं. आजचाच प्रश्न, सुतार : रंधा :: न्हावी : ? पर्याय कात्री, वस्तरा, कंगवा, आरसा. ‘सुतार रंधा वापरतो’ म्हटलं तर न्हावी चारही वापरतो.

प्रतिसाद २

वाक्य ढिलं आहे. दोन पर्याय बसले की पर्यायांशी भांडू नका, वाक्य आवळा. सुतार रंध्याने करतो काय? वरचा पापुद्रा तासून लाकूड गुळगुळीत करतो. आता बोला. (आमच्या वडिलांची दाढी आठवली, रंधाच बरा होता.)

क्रमही बघा. पाकळी : फूल असेल तर पुस्तक : पान चालणार नाही, पान : पुस्तक हवं. घाईत इथे फार गुण जातात.

धागाकर्ता

वस्तरा! आणि प्रश्नातला शब्दच माहीत नसला तर?

प्रतिसाद १

पर्यायात जोड्या असतील तर उलटीकडून या. ज्या जोडीचं आपसात धड वाक्यच होत नाही, ती आधी उडवा. उरलेल्यांतली एक निवडून पुढे व्हा. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरं काही सोडायचं नाही.

धागाकर्ता

आज रात्री वीस जोड्या मराठीत वाक्य करून सोडवतो. चुकलेल्या उद्या इथेच टाकतो, कंटाळू नका.