मदत हवी आहे: मधुमेह असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी डिजिटल गोष्टी

टाइप १ मधुमेह (ज्यात रोज इन्सुलिन घ्यावं लागतं) असलेल्या १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी मी मोबाइलवर बघायच्या दोन-तीन मिनिटांच्या गोष्टी बनवतेय. चित्रं आणि मुलांचाच आवाज. मजकूर डॉक्टर तपासून देतात, त्यामुळे माहितीची अडचण नाही.

पहिली गोष्ट रक्तातली साखर उतरण्यावर होती: ७० mg/dL च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मुलांना ती तोंडपाठ झाली. पण नंतर एकीने हळूच सांगितलं, "वर्गात हात थरथरत होते, तरी मी दप्तरातून गोळ्या काढल्या नाहीत. सगळे बघतात ना." म्हणजे माहिती पोचली, लाज तशीच राहिली. इन्सुलिन टोचायची जागा बदलण्याचंही तेच; त्याच जागी टोचून टोचून गाठ आली तरी सवय सुटत नाही.

गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारून पाहिले, पण मुलांना परीक्षा वाटली. घाबरवणारा शेवट मला नकोच आहे. चेहरे आणि खरी नावं दाखवता येणार नाहीत.

असं काम केलेल्यांना विचारायचंय: गोष्ट मध्येच थांबवून 'आता तू काय करशील?' हे मुलांवर सोडावं, की त्यांनाच स्वतःची गोष्ट रचायला लावावी? वागण्यात फरक कशाने पडला, आणि तो तुम्ही ओळखलात कसा?