बेळगावच्या पावसात तग धरतील आणि दरवर्षी लावावी लागणार नाहीत अशी फुलझाडं कोणती?

अनगोळ_परसबाग

नमस्कार मंडळी. अनगोळच्या बाजूला घर आहे. घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये 20 फूट लांब, 4 फूट रुंद पट्टा मोकळा आहे. तोंड पूर्वेला, त्यामुळं दुपारी एकपर्यंत चांगलं ऊन, नंतर घराची सावली. माती तांबडी, दीड फुटाखाली मुरूम लागतो. उत्तरेच्या टोकाला पत्र्याच्या पागोळ्या पडतात, तिथं जुलै-ऑगस्टमध्ये पाय रुततो. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड देता येईल, रोज नाही.

पूजेला रोज चार फुलं आणि घरात गजऱ्यापुरती अबोली-मोगरा मिळावा एवढी अपेक्षा. झाडं एकदा लावली की निदान पाच-सहा वर्षं टिकावीत, झेंडूसारखं दरवर्षी नव्यानं नको. इंटरनेटवरच्या याद्यांत लॅव्हेंडर, पिओनी, डेल्फिनियम दिसतात, ती इकडं येतील का? आणि एप्रिल चालू आहे, तर लागण आत्ता करायची की मृगाला?

तांबडमाती

ताई, त्या याद्या बर्फ पडणाऱ्या देशांसाठी केलेल्या असतात. पिओनीला कळी धरायला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ती इथं डिसेंबरातही पडत नाही. लॅव्हेंडरची मुळं आपल्या जुलैत कुजतात. डेल्फिनियमही आपल्याकडं थंडीच्या हंगामापुरतंच. आपल्याकडं झाडाची परीक्षा दोनदा होते, जुलैतल्या झडीत मुळाशी आणि एप्रिलच्या उन्हात पानाशी. दोन्हींतून जे पार पडतं तेच वर्षानुवर्षं राहतं.

म्हणून आधी निचरा बघा. वाफ्यात एक फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, मग लगेच पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत गेलं तर ठीक. सकाळी भरलेलं संध्याकाळीही तसंच असेल तर खाली मुरूम घट्ट बसलाय, तो पहारीनं फोडून घ्या. मुरूम फोडल्याशिवाय वरून कितीही खत ओतलं तरी मुळं थाळीत बसल्यासारखी पाण्यात बसतात.

त्यावर 9 इंच उंचीचा गादीवाफा करा. तुमच्या मापाला साधारण 60 घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासहून थोडं जास्त मिश्रण लागेल. तांबडी माती दोन भाग, जाडी वाळू एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग. हात घातला तर खत गरम लागता कामा नये, वास ओल्या मातीचा यायला हवा आणि काडी-गवत ओळखू येऊ नये. वर चार-पाच किलो निंबोळी पेंड पसरून मिसळा. हे काम आत्ता एप्रिलमध्येच करा, म्हणजे वळवाच्या एक-दोन सरींत माती बसते आणि खचलेला भाग मृगाआधी भरून काढता येतो.

आता झाडं. पागोळ्यांच्या टोकाला सोनटक्का आणि कर्दळ. दोघांनाही पाणी लागतं, बाकी कुणाला तिथं लावू नका. सोनटक्क्याचा गड्डा डोळे वर करून दोन इंच खोल ठेवायचा, दोन गड्ड्यांत फूटभर अंतर. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो जमिनीलगत कापा. शेजारून नवा कोंब येतोच. कर्दळीचंही तसंच.

मधल्या भागात भिंतीकडून दोन जास्वंदी, चार-पाच फुटांवर. देशी, एकेरी, लालच घ्या. मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदी दिसायला छान, पण पावसात त्यांची कळी जास्त गळते आणि पिठ्या ढेकूणही त्यांच्यावर आधी बसतो. जास्वंदीच्या पुढं तीन मोगरे, तीन-तीन फुटांवर. त्यांच्या पुढं अबोली फूट-फूट अंतरानं आठ-दहा. उरलेल्या दक्षिण टोकाला निशिगंध. अगदी कडेला रेन लिलीचे कंद तीन-तीन इंचांवर ओळीनं लावा. पहिल्या वळवानंतर चार-पाच दिवसांत अख्खी कड फुलते आणि नंतर तिच्याकडं बघावंही लागत नाही.

लागणीची वेळ सगळ्यांची एक नाही. निशिगंध आत्ताच, एप्रिलमध्ये. जास्वंद आणि मोगरा मृगाचा पाऊस पडून माती खोलवर भिजली की जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे जुलैच्या झडीआधी मुळं धरतात. अबोली पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरात.

निशिगंधाबद्दल थोडं सविस्तर, कारण यातच लोक फसतात. कंद दोन सेंटिमीटरहून जाड, टोकदार आणि घट्ट असावा. पोकळ लागला तर टाकून द्या. 8 इंच अंतर, दोन-अडीच इंच खोली. गजऱ्यासाठी एकेरी जात हवी. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल या दोन्ही एकेरी आहेत. दोन्हींच्या कळीला हलकी गुलाबी झाक असते, त्यामुळं नुसत्या तिच्यावरून जात ओळखता येत नाही. एकदा दांडा दिलेला कंद पुन्हा दांडा देत नाही, त्याच्या कडेला आलेले पिल्लू कंद देतात. म्हणून तिसऱ्या वर्षी गर्दी होऊन पानंच पानं येतात आणि दांडे बारीक होतात. मग फेब्रुवारीत पाणी तोडा, पानं पिवळी पडली की कंद काढा, सावलीत महिना-दीड महिना पसरून ठेवा आणि मोठे तेवढे पुन्हा लावा.

मोगऱ्याला नोव्हेंबरअखेर पाणी कमी करायचं. डिसेंबरअखेर ते जानेवारीत दीड फुटावर छाटायचा, राहिलेली पानं हातानं काढायची, बुंध्याची माती हलवून दोन-तीन दिवस उघडी ठेवायची आणि मग प्रत्येकी पाच किलो शेणखत देऊन पाणी सुरू करायचं. छाटणी टाळली तर वेल लांबतो, फुलं टोकाला चार. ही छाटणी कठोर वाटते, पण मोगरा नव्या फुटीवरच कळी धरतो, त्याला इलाज नाही.

खानापूर_पश्चिम

वरचं सगळं पटलं, दोन गोष्टी जोडतो.

पहिली हुमणी. आपल्या भागात उसामुळं ती भरपूर आहे आणि कच्च्या शेणखतातून थेट बागेत येते. पांढरी, डोकं तपकिरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. पाऊस चांगला असताना एखादं झाड सुकायला लागलं आणि धरून ओढल्यावर अलगद हातात आलं तर मुळं तिनं खाल्लीत असं समजा. खत वापरण्याआधी चाळा, अळ्या वेचून काढा. वळीव पडल्यावर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, त्या वेळी फांद्या हलवून खाली पाडले आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले तर पुढची पिढीच कमी होते. मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी शेतकी दुकानात मिळते, ती कुजलेल्या खतात मिसळून जूनमध्ये मातीत द्यावी. कोरड्या मातीत तिचा उपयोग नाही.

दुसरी अबोलीची मर. माती ओली असताना एकच झाड दुपारी मान टाकतं, दोन दिवसांत सगळी पानं लोंबतात. उपटून बघितलं तर मुळांची साल काळी आणि सहज सुटणारी. ही बुरशी आहे आणि सोबत सूत्रकृमी (मुळांत राहणारे सूक्ष्म जंत) असले तर ती लवकर आत शिरते. औषध ओतून ते झाड वाचत नाही. मुळासकट काढून जाळा, त्या जागी पुन्हा अबोली नको, दोन-तीन महिने झेंडू लावा. बाकीच्यांसाठी 1 किलो कुजलेल्या खतात 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा, ओलसर ठेवून पोत्यानं झाकून पंधरा दिवस सावलीत मुरवा, मग प्रत्येक झाडाला दोन मुठी द्या. त्याच आठवड्यात तांब्याचं औषध मातीत गेलं तर ट्रायकोडर्माच मरतो, एवढं सांभाळा.

सदाफुली कुणी सुचवलीच तर वाफ्यात नको, कुंडीत वळचणीला ठेवा. झडीत तिचा बुडखा कुजतो.

वेल हवा असेल तर कळलावी लावा, आमच्याकडं तिला गौरीचे हात म्हणतात. कुंपणावर आपोआप चढते, पावसाळ्यात फुलते, दिवाळीनंतर वरून वाळते आणि कंद जमिनीत सुखरूप राहतो. कंद काठीसारखा असतो, कोंब त्याच्या टोकातून येतो. ते टोक मोडलं तर कंद वाया. ती जहरी आहे, विशेषतः कंद. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर लावू नका.

निपाणी_काळी_जमीन

काळ्या जमिनीवाल्यांनी हे जसंच्या तसं करू नये म्हणून लिहिते. निपाणी-चिकोडीकडं चुनखडीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी असलं की मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक युरिया टाकतात, त्यानं काही होत नाही, कारण कमतरता लोहाची आहे. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळं मुळांना मिळत नाही. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. उमललेल्या फुलांवर आणि भिंतीवर उडू देऊ नका, तांबडे डाग पडतात.

अशा जमिनीत मोगऱ्यापेक्षा कुंद आणि कोरांटी मला जास्त भरवशाची वाटते. गुलबक्षी तर एकदा लावली की मुळ्यासारखं जाड मूळ जमिनीत राहतं आणि वरून सगळं वाळलं तरी पावसाला फुटते. कण्हेर पाण्याविना चालते, पण तिचं पानसुद्धा विषारी. शेळ्या-गुरं वाळलेली पानंही खातात, तेव्हा छाटलेल्या फांद्या रस्त्यावर टाकू नका.

ताई, तुमच्या एक दिवसाआडच्या पाण्यावर आच्छादन करा. उसाचं पाचट तीन इंच जाड, झाडाच्या बुंध्यापासून चार बोटं लांब. मार्च ते मे ठेवा, मृगाला काढून टाका. पावसात ते तसंच राहिलं तर खाली गोगलगायी होतात आणि निशिगंधाचे कोंब रात्रीत फस्त करतात.

अनगोळ_परसबाग

सर्वांचे मनापासून आभार. उद्या खड्ड्याची चाचणी घेते. अजून एक विचारू का? शेवंतीसुद्धा बहुवर्षायू म्हणतात. दक्षिण टोकाला निशिगंधाशेजारी दोन फूट जागा उरते, पण तिथं रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर असतो. जमेल का?

तांबडमाती

त्या जागी नको. शेवंती कळी धरते ती रात्र मोठी आणि काळोखी झाली की. रात्रभर दिवा असला तर झाडाला दिवस लांबच वाटतो, मग पानं भरपूर, उंची भरपूर आणि डिसेंबर आला तरी दिव्याकडच्या अंगाला कळी नाही. खत कमी पडलं असं समजून लोक अजून नत्र घालतात आणि झाड आणखी माजतं. भिंतीच्या आडोशाला, जिथं रात्री अंधार आहे पण सकाळचं ऊन येतं, तिथं 10 इंची कुंड्यांत लावा.

फुलं संपली की जानेवारीअखेर झाड चार इंचांवर कापा. बुडातून फुटवे येतात, त्यातले कडेचे मुळांसकट वेगळे करून लावायचे. मधला लाकडासारखा झालेला भाग टाकून द्या, त्याला जोर नसतो. हे दरवर्षी केलं तर तीच शेवंती कितीही वर्षं चालते. नाही केलं तर दोन वर्षांत मधून पोकळ होते.

रोप 6 इंचांचं झालं की शेंडा खुडा, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा. ऑगस्टच्या मध्यानंतर खुडायचं नाही, नाहीतर कळीच हातात येते. जुलै-ऑगस्टमध्ये कुंड्या वळचणीला सरकवा आणि पाणी पानांवर न घालता मातीत घाला. खालच्या पानांवर काळे ठिपके दिसले तर ती पानं लगेच तोडा आणि 1 टक्का बोर्डो फवारा. 10 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 10 ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र ढवळून. घासलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा आणि मगच मारा, नाहीतर पानं भाजतील. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

खानापूर_पश्चिम

त्या दिव्याखालच्या दोन फुटांत अजून दहा-बारा निशिगंधाचे कंद घाला, त्याला उजेडानं काही फरक पडत नाही. फक्त जुलैच्या वाऱ्यात दांडे आडवे होतात, तेव्हा लागणीच्या वेळीच दोन टोकांना खुंट्या ठोकून फूटभर उंचीवर सुतळी ओढून ठेवा. दांडे वर आल्यावर खुंट्या ठोकल्या तर कंद फुटतात.

अनगोळ_परसबाग

मग निशिगंधच वाढवते, शेवंती मागच्या दाराला कुंड्यांत. दादा, शृंगार आणि प्रज्वल शेजारी लावल्या तर चालतील ना?

तांबडमाती

चालतील, पण मध्ये एक वीट आडवी पुरा. कंद काढताना पिल्लं एकमेकांत मिसळली की नुसत्या कंदावरून जात ओळखता येत नाही.