आर्किटेक्चरनंतरच्या पर्यायांच्या यादीत अकूस्टिक्स राहिलंच की

आर्किटेक्चर केल्यावर पुढे कशात स्पेशलायझेशन करता येतं, यावर एकाने म्हटलंय की इंटिरियर, लँडस्केप, अर्बन डिझाइन आणि फार तर कॉन्झर्व्हेशन (जुन्या वास्तूंचं जतन), बाकी सगळं यातच येतं. पहिलं पटलं, पण "बाकी सगळं यातच" हे नाही पटलं, कारण अकूस्टिक्स, म्हणजे खोलीत आवाज कसा वागतो याचं काम, यातल्या कशातच नीट बसत नाही आणि ज्यांना डिझाइनइतकंच फिजिक्स आवडतं त्यांच्यासाठी ते खरंच सुंदर क्षेत्र आहे.

याची सुरुवात झाली तीच मुळी एका फसलेल्या खोलीतून. १८९५ मध्ये हार्वर्डच्या फॉग म्युझियममधल्या लेक्चर हॉलमध्ये बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे पुढची दोन वाक्यं त्याच्यावरच चढायची, आणि ते सुधारायचं काम वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण फिजिक्सच्या प्राध्यापकाकडे आलं. तो रात्री, सगळं शांत झालं की, शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनचा पाइप वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा, मग परत गाद्या वाढवायचा. त्यातून नियम निघाला की खोलीचं घनफळ वाढलं की घुमणं वाढतं आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग वाढला की कमी होतं, त्यावरच १९०० साली उघडलेला बोस्टन सिम्फनी हॉल बेतला गेला. आजही रिव्हर्बरेशन टाइमचं, म्हणजे आवाज घुमत विरायला लागणाऱ्या वेळेचं, पहिलं गणित याच सूत्राने मांडतात, आणि नुसती सभागृहंच नाही तर वर्ग, हॉस्पिटलचे वॉर्ड, ओपन ऑफिस सगळीकडे ते लागतं.