टोकियोतलं हॉटेल आणि हॉटेलबाहेरचं टोकियो

सोसायटीचा ‘सिनेमा कट्टा’ ग्रुप, रविवार सकाळ

जोशीकाका: ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ काल रात्री पूर्ण पाहिला. अनघा, तू निवडलास म्हणून शेवटपर्यंत बसलो. पण १०२ मिनिटांत घडतं काय? उतरणीला लागलेला एक अमेरिकन नट, बॉब, व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी टोकियोला येतो. त्याच हॉटेलात शार्लट नावाची एक तरुण मुलगी फोटोग्राफर नवऱ्याची वाट बघत खिडकीत बसलेली असते. दोघं भेटतात, फिरतात, निरोप घेतात. संपलं. याला पटकथेचं ऑस्कर कशासाठी मिळालं, ते मला खरंच समजून घ्यायचंय.

अनघा: काका, घटना मोजल्या तर हाती फारसं लागणार नाही. बॉबच्या खोलीत काय काय येतं ते आठवा. मध्यरात्री बायकोचा फॅक्स येतो, अभ्यासिकेत कपाट कुठलं करायचं म्हणून. मग कुरियरने गालिच्यांचे तुकडे येतात, रंग निवडायला. बॉब ते तुकडे जमिनीवर मांडून नुसता बघत राहतो. एवढ्यावर २५ वर्षांचा संसार कळतो. नवरा-बायकोचं एकही मोठं भांडण दाखवावं लागलेलं नाही. हे लिहिणं सोपं नाही.

प्रधानकाकू: गालिच्याचं मला फार लागलं. फोनवर तिच्या मागे मुलांचा गलका ऐकू येतो. तिचंही काही चुकत नाही हो. घर तीच ओढतेय. आणि तो लांब बसून म्हणतो की मला आता तब्येत सांभाळायचीय, जपानी लोकांसारखं जेवायचंय. तिने तुटक उत्तर दिलं तर नवल काय!

जोशीकाका: हे मान्य, वहिनी. पण ती मुलगी काचेला टेकून बसलेली किती वेळा दाखवायची? एकदा कळलं की एकटी आहे.

अनघा: एकटी आहे हे एकदा दाखवून कळतं. दिवस सरत नाही हे कळायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. आणि काका, अख्खा सिनेमा संथ नाहीच. त्यात दोन वेग आहेत. हॉटेल आहे शिंजुकूतलं पार्क हयात. केन्झो तांगे या मोठ्या वास्तुशिल्पकाराने उभारलेल्या टॉवरच्या वरच्या मजल्यांवर, आणि तो बार थेट ५२व्या मजल्यावर. तिथून शहर दिसतं पण ऐकू येत नाही. त्या काचेच्या आत सगळं रेंगाळतं. दोघं खाली उतरली की बघा, पाचिंको या जुगारी खेळयंत्रांच्या पार्लरमधून पळापळ, मित्रांचं घर, कराओके, कॅमेरा हातात, सगळं भराभर. छायाचित्रकार लान्स अकॉर्डने रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडातच पुष्कळ काम केलंय, शिबुयाच्या चौकात तर खऱ्या गर्दीत. २७ दिवसांत शूटिंग उरकलं, खर्च जेमतेम ४० लाख डॉलर. लेखिका-दिग्दर्शिका सोफिया कोपोला स्वतः विशीत टोकियोला जाऊन येऊन होती, याच हॉटेलात उतरायची. तिला ती काच माहीत होती.

रोहित: मी प्रोजेक्टवर टोकियोत राहून आलोय, म्हणून एक सांगू? बॉबचं झोपेचं खोबरं झालेलं दाखवलंय ते अमेरिकेतून येणाऱ्याचं. आपलं घड्याळ जपानपेक्षा फक्त साडेतीन तास मागे, त्यामुळे ते आम्हाला तितकं जाणवत नाही. एकटेपणा मात्र जाणवतो, फक्त तो ५२व्या मजल्यावर नसतो. तो वॉर्ड ऑफिसमध्ये असतो, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा त्या तक्त्यासमोर असतो, घर भाड्याने घेताना हमीदार आणा म्हणतात तेव्हा असतो.

वैशालीताई: रोहित, तू टोकियोत निशी-कसाई भागात होतास ना?

रोहित: हो ताई. २००० च्या सुमारास संगणकवाले भारतीय तिथे यायला लागले. तोझाई मेट्रो लाइनने ओतेमाचीची ऑफिसं जवळ, आणि यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या वसाहतींत हमीदार लागत नाही. म्हणून वस्ती वाढली. म्हणजे हा सिनेमा शिंजुकूत बनत होता तेव्हा त्याच शहरात आपली माणसं डाळ-तांदूळ शोधत होती. २०१९ मध्ये त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, आपले मराठी. जपानमधला परदेशी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हे येतं. बॉबला आठवड्याने विमान आहे.

ईशा: पण रोहितदादा, सिनेमा त्या दोघांबद्दलच आहे ना? सगळ्या परदेशी लोकांबद्दल नाही.

रोहित: कबूल. फक्त लोक या सिनेमाला ‘जपानमधल्या परदेशी माणसाची गोष्ट’ म्हणतात, ते मला खटकतं. सिनेमा आला त्या २००३ साली जपानमध्ये १९ लाखांच्या आसपास परदेशी नागरिक होते. सगळ्यात जास्त कोरियन आणि चिनी, त्यातले बरेच कोरियन तर तिथेच जन्मलेले. मग ब्राझीलहून कारखान्यांत आलेले जपानी वंशाचे लोक, हामामात्सुला वगैरे. त्यांच्यातलं कुणीही या सिनेमात भेटत नाही.

वैशालीताई: मी याच्या पुढे जाते. परदेशी सोडा, जपानी माणूस तरी कुठे धड भेटतो? जपानी शिकवते म्हणून काही प्रसंग मला निराळे दिसतात. जाहिरातीचं शूटिंग घ्या. दिग्दर्शक तावातावाने लांबलचक बोलतो, दुभाषी बाई एका वाक्यात गुंडाळते, बॉब बावचळतो, आपण हसतो. सबटायटल मुद्दाम दिलेली नाहीत. तो दिग्दर्शक काय म्हणतोय ते सांगते. तुम्ही अभ्यासिकेत निवांत बसला आहात, टेबलावर व्हिस्की आहे, सावकाश कॅमेऱ्याकडे बघा, जुना मित्र भेटल्यासारख्या मायेने बोला, ‘कासाब्लांका’तल्या बोगार्टसारखं. किती नेमकी सूचना आहे ही! कुठल्याही नटाच्या कामाची. हा माणूस आपलं काम मनापासून करतोय. आणि जगभरच्या प्रेक्षकांसाठी तो काय उरतो, तर ओरडणारा विक्षिप्त इसम.

अनघा: ताई, हे मला आज कळलं, फार छान सांगितलंत. पण माझं म्हणणं असं की तिथे आपल्याला बॉबच्या खुर्चीत बसवलंय. त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. सबटायटल दिली असती तर आपण त्याच्यापेक्षा शहाणे झालो असतो आणि तो प्रसंगच पडला असता. शिवाय टोकियोच्या प्रेक्षकांना तर सगळं कळलंच असणार. त्यांच्या बाजूने तो दिग्दर्शक बरोबर आणि बॉब बावळट.

वैशालीताई: बरं, मग लिफ्टचं काय? सगळे बुटके आणि मध्ये एकटा उंच बॉब. शॉवर डोक्यापर्यंत पोचत नाही. खोलीत पाठवलेली ती बाई आणि तिच्या र-ल उच्चारांवरचा लांबलेला विनोद. तिथे कुणाच्या खुर्चीत बसायचं? तेव्हा अमेरिकेतल्या आशियाई लोकांनी या सिनेमाविरुद्ध जाहीर आवाज उठवला होता, तो उगाच नव्हता.

अनघा: त्या बाईचा प्रसंग मलाही नको वाटतो. तो कापला असता तर सिनेमाचं काही बिघडलं नसतं. टीव्हीवरचा भडक कार्यक्रम मात्र बनावट नाही. विनोदी नट ताकाशी फुजीई ‘मॅथ्यू’ बनून तो कार्यक्रम खरोखरच करायचा आणि सिनेमात तोच आहे. आणि चार्ली? बॉबला घरी नेतो, गाणी म्हणतो, गप्पा मारतो. तो सोफियाचा खराच टोकियोतला मित्र, फुमिहिरो हायाशी.

वैशालीताई: चार्ली आवडला मला. म्हणून तर वाटतं, आणखी दोन चार्ली का नाहीत?

जोशीकाका: व्हिस्कीच्या जाहिरातीचं कुठून सुचलं असेल? मोठे अमेरिकन नट असल्या जाहिराती करायचे खरे?

अनघा: सुचलं घरातूनच, काका. सोफियाचे वडील फ्रान्सिस कोपोला आणि जपानचे थोर दिग्दर्शक खुद्द कुरोसावा, दोघं सनटोरी व्हिस्कीच्या जाहिरातीत एकत्र दिसले होते, ‘कागेमुशा’च्या वेळी, १९८० च्या आसपास. कुरोसावांना त्या सिनेमासाठी पैसा कमी पडत होता, तेव्हा कोपोला आणि जॉर्ज लुकास मदतीला उभे राहिले.

जोशीकाका: कुरोसावांसारख्या माणसाला पैशासाठी अडावं लागलं, हे वाचून वाईट वाटतं.

ईशा: मला एक बोलायचंय. शूटिंगच्या वेळी शार्लट झालेली स्कार्लेट जोहान्सन १७ वर्षांची होती आणि बॉब झालेला बिल मरे ५२. पहिल्यांदा बघताना मला सारखी धास्ती वाटत होती की आता हा काहीतरी करणार. पण रात्री दोघं पलंगावर पडून बोलतात, लग्नाबद्दल, मुलांबद्दल, पुढे सोपं होतं का याबद्दल, आणि तो फक्त तिच्या पायावर हात ठेवतो. तिथे धास्ती गेली. तिला कुणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं होतं. त्याआधी ती मैत्रिणीला फोन करून रडते बघा, देवळात गेले, मंत्र ऐकले, मला काहीच वाटलं नाही म्हणून. मैत्रिणीचं लक्षच नसतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली हा फोन कधी ना कधी करतात.

प्रधानकाकू: ईशा, किती नेमकं लिहिलंस गं. कुकर लावून येते, मग क्योटोबद्दल लिहिते.

जोशीकाका: तो फोनचा प्रसंग चांगला आहे, नाकारत नाही. पण आता माझी खरी अडचण लिहितो. मला संथ सिनेमाचं वावडं नाही. जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ मी पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म आर्काइव्हमध्ये पाहिलाय. १९५३ चा, १३६ मिनिटांचा, कॅमेरा जमिनीलगत आणि जवळजवळ हलतच नाही. तरी एक क्षण जड गेला नाही. ओनोमिचीहून म्हातारे आई-वडील मुलांकडे टोकियोला येतात, मुलांना वेळ नाही, म्हणून त्यांची रवानगी आतामीच्या हॉटेलात. तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. ते दोघं तर आपल्याच देशात, आपल्याच मुलांच्या शहरात परके! त्यांच्या गप्प बसण्यात मुलांचा धंदा आहे, घराची अडचण आहे, युद्धात गेलेल्या मुलाची बायको आहे, जी एकटीच त्यांची विचारपूस करते. एकाच्या वेळेवर दुसऱ्याचं आयुष्य लटकलेलं आहे. बॉब आणि शार्लट यांच्यावर तिथे कुणाचंच काही अवलंबून नाही. म्हणून त्यांचं थांबणं मला हलकं वाटतं.

अनघा: काका, याला उत्तर द्यायला मला वेळ लागेल. पण ते कुणाचे कुणी नाहीत, म्हणूनच तर एकमेकांशी खरं बोलू शकतात. घरच्यांशी ती हे बोलू शकत नाही. अशी आठवडाभराची ओळख हलकी असते, असं मला नाही वाटत.

प्रधानकाकू: आले. क्योटो. ती एकटीच रेल्वेने जाते, फुजी मागे पडतो. देवळाच्या आवारात लग्नाची वरात येते. नवरा हात पुढे करतो आणि नवरी त्याच्या हातात हात देते. शार्लट लांबून बघते. कुणी काही बोलत नाही. तिच्या लग्नाला दोनच वर्षं झालीत, हे त्या क्षणी तिला काय वाटलं असेल! मग ती चिठ्ठी झाडाला बांधते. मी तो भाग मागे नेऊन परत पाहिला.

वैशालीताई: काकू, तो भाग मलाही मनापासून आवडतो. ते नानझेन-जी, आणि नंतर पाण्यातल्या दगडांवरून चालते ते हेईआन मंदिर. तिथे तिला काही समजत नाही आणि सिनेमा समजल्याचा आवही आणत नाही. लांब उभं राहून आदराने बघतो. अख्खा सिनेमा असा असता तर माझी तक्रार नव्हती. न समजणं गुन्हा नाही. न समजलेल्याला हसणं खटकतं. एकाच सिनेमात ही दोन्ही माणसं आहेत, क्योटोतली आणि लिफ्टमधली.

रोहित: ताई, हे शंभर टक्के. आम्हीही पहिले काही महिने लिफ्टमधलेच होतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझी चुकलेली कचऱ्याची पिशवी स्वतः सोडवून वेगळी करून दाखवली, तेव्हापासून बदललो. असा एक प्रसंग बॉबला मिळायला हवा होता.

ईशा: हॉस्पिटलमध्ये मिळतो ना जवळजवळ. शेजारी बसलेला म्हातारा त्याच्याशी हातवारे करून बोलत राहतो आणि बॉब प्रयत्न करतो. मागच्या दोन बायका हसू दाबतायत. तिथे हसणं दोन्हीकडून आहे.

वैशालीताई: हो गं, खरंच. ते हसणं मला चालतं.

जोशीकाका: शेवटी तो तिच्या कानात काय सांगतो?

अनघा: ते पटकथेत नव्हतंच, काका. लोकांनी आवाज वाढवून ऐकायचा प्रयत्न केलाय. मी ते कधी शोधलं नाही आणि शोधणारही नाही. ते त्या दोघांचं आहे.

जोशीकाका: ठीक. क्योटोचा भाग पुन्हा बघतो. मात्र पुढच्या खेपेला ‘टोकियो स्टोरी’ घ्यायचा, आणि वैशालीने त्याआधी ओझूबद्दल दहा मिनिटं बोलायचं.

वैशालीताई: आनंदाने. त्यातली सून झालेल्या सेत्सुको हारावर तर तासभर बोलेन.

प्रधानकाकू: सबटायटल मोठी दिसतील ना? मोबाइलवर मला झेपत नाही.

अनघा: आमच्याकडे मोठ्या टीव्हीवर बघू, काकू. रविवारी ५ वाजता. रोहित, तू ये, आणि निशी-कसाईचं अजून सांग.