मोठ्या शहरात खरा शवर्मा / डोनर ओळखायचा कसा?

प्रश्न

या मोठ्या शहरात राहायला येऊन सहा महिने झाले. दर दोन गल्ल्यांआड शवर्मा नाहीतर डोनरची (उभ्या सळईवर फिरवत भाजलेलं मांस, त्याचे काप काढून देतात) पाटी दिसते, सळई पण फिरत असते, पण हातात येतं ते भलतंच. परवा एका ठिकाणी बघितलं, सळई नुसती फिरतेय आणि मला दिलं ते आधीच कापून ठेवलेलं, ट्रेमधून काढून तव्यावर गरम केलं आणि वरून मेयोनीज ओतलं. मांसाला भाजल्याची चवच नाही. मागे इस्तंबूलला खाल्लेला, पाव, पातळ काप, टोमॅटो, कांदा, बास, सॉस जवळपास नाहीच, ती चव अजून जिभेवर आहे. पैसे द्यायच्या आधी ओळखता येईल असं काही सांगा ना.

उत्तर १

सगळ्यात आधी सळईकडे नीट बघा. चांगल्या डोनरमध्ये मांसाचे पातळ पसरट काप एकावर एक रचलेले असतात, मधेमधे चरबीचे थर, आणि बाजूने कडा वेड्यावाकड्या दिसतात. तुर्कीत याला याप्राक डोनर म्हणतात, याप्राक म्हणजे पान. याउलट बाहेरून एकदम गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखा शंकू असेल तर तो बहुतेक दाबलेला खिमा, कापला की एकसारख्या लांब पट्ट्या पडतात आणि चावताना मांसाचा धागा लागत नाही. खिमा घातला म्हणजे फसवणूकच असं मात्र नाही, जर्मनीत तर नियमच आहे की डोनर केबाब नावाने विकायचं असेल तर खिमा ६० टक्क्यांपर्यंतच चालतो. पण तुम्हाला इस्तंबूलची चव हवीय तर खिमेवाल्याकडे ती मिळणार नाही.

उत्तर २

सळईइतकंच कापणाऱ्याच्या हाताकडे पण बघा. बाहेरचा थर तपकिरी कुरकुरीत झाला की तेवढाच कापायचा, मग आतला थर आचेला येईपर्यंत थांबायचं, सगळी मजा त्या थांबण्यात आहे. "पाच मिनिटं लागतील" म्हणणारा दुकानदार मला तरी लगेच आवडतो. म्हणून दुपारच्या गर्दीत जावं, मांस सतत कापलं जातं आणि ताजं मिळतं, रात्री उशिरा तळाशी उरलेला बुंधा कोरडा ठाक झालेला असतो. आणि आच बंद करून सळई तशीच अर्धी कच्ची ठेवलेली दिसली तर सरळ बाहेर पडा, कोमट मांस तासन्तास ठेवणं पोटाला महागात पडतं.

उत्तर ३

आधी नेमकं काय हवंय ते ठरवा, कारण तुर्की डोनर, अरबी शवर्मा, ग्रीक यीरोस तिन्ही नावांचा अर्थ "फिरणारं" असाच असला तरी चवी वेगळ्या आहेत. लेबनानी शवर्मात दालचिनी, वेलची असे मसाले येतात, चिकन असेल तर तूम लावतात, म्हणजे लसूण, तेल, लिंबू, मीठ घोटून केलेला पांढरा सॉस, आणि बीफ किंवा लँब असेल तर तिळाचा ताहिनी सॉस. त्यामुळे पांढरं काही दिसलं की मेयोनीजच असं समजू नका, विचारा. चांगलं तूम नाकात झणझणतं, गोड अजिबात लागत नाही.

शोधायचं कुठे, तर त्या देशातली माणसं किराणा नि पाव घ्यायला जिथे जातात त्या भागात. मेनूवर पिझ्झा, बर्गर, नूडल्स सगळंच असेल तर मी आत जात नाही.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे खूप आभार!! काल दुपारी एका तुर्की किराणा दुकानाशेजारी गेलो, मेनूत चारच पदार्थ, सळईवर थर स्पष्ट दिसत होते. माझ्या आधी सहा जण होते आणि माझा नंबर आला तेव्हा काकांनी सुरी खाली ठेवून थांबायला सांगितलं, मला तर तिथेच आनंद झाला. मग लांब सुरीने वरून खाली काप काढले, पाव त्याच चरबीत टेकवून गरम केला. सॉस नको म्हटलं तर ते हसले आणि वर एक भाजलेली मिरची ठेवली. कडेचे तुकडे कुरकुरीत, आतून रसाळ. शनिवारी परत जातोय, या वेळी पावाऐवजी लवाशमध्ये (पातळ, चपातीसारखी रोटी) गुंडाळलेला घेईन म्हणतो.